‘सिक्स-सेव्हन’ म्हणजे काय, हे विचारण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा: तेरा वर्षांचा मुलगा दिवसभर ‘सिक्स-सेव्हन’ म्हणत दोन्ही तळहात वरखाली करतो, सोळा वर्षांची मुलगी मैत्रिणींना कवटीची चित्रं पाठवते आणि दोघं एकमेकांशी बोलतात त्यातलं निम्मं आईवडिलांच्या डोक्यावरून जातं. या शब्दांची यादी कुठे मिळेल? आणि यात काळजी करण्यासारखं काही आहे का?

याद्या ढिगाने मिळतील, पण त्या पाठ करत बसू नका. शब्द यादीत पोचेपर्यंत मुलांनी तो बहुधा टाकून दिलेला असतो, नाहीतर फक्त टिंगलीसाठी ठेवलेला असतो. ‘ऑन फ्लीक’ (म्हणजे अगदी झकास) हा शब्द २०१४ मध्ये एका काही सेकंदांच्या व्हिडिओतून जगभर पसरला. आज कुणी तो मनापासून वापरला तर हसू त्याच्यावरच येईल. यादीची दुसरी अडचण याहून मोठी आहे. ती अर्थ सांगते, वापर सांगत नाही. ‘त्याचा पोपट झाला’ हे वाक्य मराठी न येणाऱ्याने शब्दकोश घेऊन वाचलं तर त्याला फक्त पक्षी सापडेल. आपल्याला मात्र पोपट कुणाचा झाला, कुणासमोर झाला आणि सांगणारा कुणाच्या बाजूचा आहे यावरून कळतं, की ही गंमत आहे की ओरखडा. मुलांचे शब्द याच जातीचे आहेत. त्यामुळे शब्द कुठल्या प्रकारात बसतो हे ओळखायला शिका. प्रकार पाचसहाच आहेत आणि ते शब्दांइतके भराभर बदलत नाहीत.

पहिला प्रकार निव्वळ निरर्थक शब्दांचा. ‘सिक्स-सेव्हन’ यातच येतो. स्क्रिला या अमेरिकन रॅपरच्या एका गाण्यात हे आकडे आहेत. सहा फूट सात इंच उंचीचा बास्केटबॉलपटू लामेलो बॉल याच्या व्हिडिओंना ते गाणं जोडलं गेलं, पुढे त्याला हातांचा हावभाव चिकटला आणि २०२५ मध्ये डिक्शनरी डॉट कॉमने ‘६७’ हाच वर्षाचा शब्द म्हणून निवडला. अर्थ विचाराल तर नाही. एकाने म्हणायचं, दुसऱ्याने ओळखायचं आणि मोठ्या माणसाने गोंधळायचं, एवढाच त्याचा उपयोग. ‘स्किबिडी’चं तेच. २०२३ च्या फेब्रुवारीत यूट्यूबवर एक ॲनिमेशन मालिका सुरू झाली, तिच्यात कमोडमधून माणसांची डोकी बाहेर येतात. शब्द तिथून उचलला गेला आणि आता तो ‘भारी’, ‘भिकार’ किंवा काहीच नाही अशा कुठल्याही अर्थाने फिरतो. अकरा ते चौदा या वयातल्या मुलांच्या बोलण्यात हा प्रकार सर्वाधिक दिसतो आणि त्यात लपलेलं बहुतेक वेळा काही नसतं.

एक अपवाद सांगायला हवा. २०२५ च्या सुरुवातीला कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली विचित्र पात्रं आली: निळे बूट घातलेला तीन पायांचा शार्क, मगरीच्या तोंडाचं बाँबफेकी विमान, वगैरे. त्यांना ‘इटालियन ब्रेनरॉट’ म्हणतात. मुलं त्यांची नावं तालात म्हणतात, ती त्यांना नुसती अंगाईसारखी गोड लागतात. पण मूळ इटालियन आवाजात शार्कच्या तोंडी ईश्वरनिंदा आहे आणि विमानाच्या निवेदनात गाझातल्या मुलांवर बाँब टाकण्याचा उल्लेख आहे. भाषा न कळणाऱ्या मुलाला याचा पत्ताही नसतो. असं काही लक्षात आलं तर रागवू नका, माहिती द्या: ‘मूळ आवाजात ते हे म्हणतायत, माहीत होतं का?’ बहुतेक मुलं खरोखर चकित होतात आणि पुढच्या वेळी स्वतःच शोधतात.

दुसरा प्रकार मार्क देणाऱ्या शब्दांचा. यावर जास्त वेळ द्या, कारण आपल्या मुलाला काय भारी वाटतं आणि कशाची लाज वाटते ते इथे दिसतं. ‘ऑरा’ म्हणजे रुबाब, आणि तो गुणांत मोजतात: जिन्यात पाय घसरला तर ‘मायनस हजार ऑरा’. रुबाब दिसावा म्हणून मुद्दाम काही केलं तर ते ‘ऑरा फार्मिंग’. ‘मिड’ म्हणजे सुमार. ‘डब्ल्यू’ म्हणजे जिंकलास, ‘एल’ म्हणजे हरलास. ‘ग्लेझिंग’ म्हणजे तोंडपुजेपणा, ‘क्रॅश आउट’ म्हणजे भान सुटून भडकणं, ‘नो कॅप’ म्हणजे खोटं नाही सांगत, ‘बेट’ म्हणजे चालेल. इथे एक जोडी हमखास फसवते. ‘आय ॲम कुक्ड’ म्हणजे माझी वाट लागली. पण ‘लेट हिम कुक’ म्हणजे थांबा, त्याला करू द्या, काहीतरी जोरदार करतोय. क्रियापद एकच, दिशा उलटी. परीक्षेहून आलेली मुलगी ‘कुक्ड’ म्हणाली आणि तुम्ही ‘वा’ म्हणालात, तर दार आपटल्याचा आवाज येईल.

नात्यांचे शब्द हा तिसरा प्रकार. ‘रिझ’ म्हणजे समोरच्यावर छाप पाडण्याची हातोटी; ऑक्सफर्डने तो २०२३ चा शब्द म्हणून निवडला होता. ‘डेलुलु’ म्हणजे स्वतःच्या कल्पनेत रमलेली व्यक्ती. ‘घोस्ट करणं’ म्हणजे काही न सांगता संपर्क तोडणं. ‘सिच्युएशनशिप’ म्हणजे ज्याला दोघंही नाव देत नाहीत असं नातं. मुलं हे शब्द बऱ्याचदा ‘एका मैत्रिणीबद्दल’ वापरतात. ती मैत्रीण कोण, याची लगेच चौकशी करू नका. मैत्रिणीची गोष्ट म्हणून ऐका आणि मैत्रिणीसाठी म्हणून उत्तर द्या.

चौथ्या प्रकारात चाळणी चुकवणारे शब्द येतात. व्हिडिओच्या संकेतस्थळांवर ‘मरण’, ‘आत्महत्या’, ‘लैंगिक’ असे शब्द आले की यंत्र ते पकडतं आणि व्हिडिओ कमी लोकांना दाखवतं, असा बनवणाऱ्यांचा अनुभव किंवा निदान समज असतो. म्हणून ‘किल’ऐवजी ‘अनअलाइव्ह’, ‘सेक्स’ऐवजी ‘सेग्ज’, ‘पॉर्न’ऐवजी ‘कॉर्न’ किंवा मक्याच्या कणसाचं चित्र. हे शब्द आईवडिलांना चुकवण्यासाठी जन्मले नाहीत, यंत्राला चुकवण्यासाठी जन्मले. काही मुलं तर ‘अनअलाइव्ह’ शाळेच्या निबंधातही लिहून जातात, कारण त्यांनी तो शब्द तसाच ऐकलेला असतो. तेव्हा शब्द दिसला म्हणून दचकू नका, पण विषय काय चाललाय याची नोंद घ्या.

पाचवा प्रकार सर्वात नाजूक. ‘मॉगिंग’, ‘लुक्समॅक्सिंग’ (दिसणं सुधारण्याचा ध्यास), ‘ब्लॅकपिल’ (चेहराच नशीब ठरवतो ही समजूत), ‘इनसेल’सारखे शेवटी ‘सेल’ जोडलेले शब्द हे सगळे अशा पुरुषांच्या ऑनलाइन गटांतून आले, जे प्रेमसंबंध जुळत नाहीत याचा दोष स्त्रियांना देतात. आज बहुतेक मुलं ‘मॉग’ हा शब्द ‘दिसण्यात किंवा कशातही मात दिली’ एवढ्याच अर्थाने, हसत वापरतात. मूळ त्यांना ठाऊक नसतं. ‘म्यूइंग’ही अशाच गटांतून पसरलं. जीभ टाळूला चिकटवून जबड्याची रेषा ठळक होते, असा दावा असतो. प्रश्न विचारल्यावर मुलगा ओठांवर बोट ठेवून मग ते जबड्यावरून फिरवत असेल तर तो म्हणतोय, ‘बोलू शकत नाही, म्यूइंग चालू आहे.’ उद्धटपणा आहे, पण धोका नाही. धोका कुठे सुरू होतो ते नेमकं सांगता येतं. लुक्समॅक्सिंगमध्ये त्वचेची निगा, व्यायाम, केशरचना इथपर्यंत ठीक. चेहऱ्याची हाडं बदलावीत म्हणून चेहऱ्यावर आघात करणं, ज्याला ‘बोनस्मॅशिंग’ म्हणतात, उपाशी राहणं, किंवा स्नायूंसाठी स्टेरॉइड घेणं, यातलं काही बोलण्यात आलं तर विनोद संपला, डॉक्टर गाठा. तसंच ‘मुली सगळ्या अशाच’, ‘चेहरा नसेल तर आयुष्य फुकट’ अशी पक्की विधानं वारंवार येऊ लागली, तर शब्द सोडून त्या विधानावर बोला.

सहावा प्रकार उघड अश्लील. ‘ग्याट’ हा मुलीच्या अंगाकडे बघून काढलेला उद्गार आहे आणि ‘गूनिंग’चा मूळ अर्थ दीर्घकाळ हस्तमैथुन करणं. दहा-अकरा वर्षांची मुलंही हे बोलतात, कारण त्यांनी ते व्हिडिओ गेमच्या थेट प्रक्षेपणात ऐकलेलं असतं. इथे आडवळण नको. ‘याचा अर्थ असा आहे, म्हणून घरात आणि वर्गात हा शब्द नको,’ असं एका वाक्यात, चेहरा न बदलता सांगा. अर्थ न सांगता नुसतं ‘घाण शब्द’ म्हटलं तर तो शब्द शाळेत दुप्पट वापरला जातो.

जाता जाता: ‘स्ले’ (जबरदस्त करणं), ‘शेड’ (टोमणा), ‘टी’ (आतली खबर) यांसारखे बरेच ‘इंटरनेटचे’ शब्द मुळात इंटरनेटचे नाहीतच. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या इंग्रजीतून आणि न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय व लॅटिनो समलिंगी, ट्रान्स समाजाच्या ‘बॉलरूम’ म्हणजे नाच-वेशभूषेच्या स्पर्धांच्या परंपरेतून ते आले आणि काही दशकं जुने आहेत. कुतूहल असलेल्या मुलीशी यावर चांगल्या गप्पा होतात.

आता एखादा शब्द शोधायचा कसा. नुसता शब्द नको, ऐकलेलं पूर्ण वाक्य लिहून घ्या. सोबत कोण कुणाला म्हणालं आणि नंतर कोण हसलं तेही. मग स्वतःच्या फोनवर प्रायव्हेट विंडो उघडून शोधा. मुलाच्या फोनवर मुळीच शोधू नका, कारण तुमच्या शोधामुळे त्याच्या फीडमध्ये तेच आणखी येऊ लागेल आणि नंतर ‘हे सारखं तुला का दिसतं’ म्हणून तुम्हीच त्याला धराल. आधी ‘नो युवर मीम’ बघा. हे संकेतस्थळ २००८ पासून चालू आहे आणि त्यात उगम कुठला, पसरलं कसं हे तारखांसह असतं. पानावर उगमाचा भाग वाचा आणि उदाहरणं चाळा. ‘अर्बन डिक्शनरी’ त्याहून जुनी, १९९९ ची, पण तिथे कुणीही काहीही लिहितं. निरुपद्रवी शब्दाला मुद्दाम बीभत्स अर्थ चिकटवणं हा तिथला नेहमीचा खेळ आहे. तिथला एकच अर्थ वाचून मुलाला फैलावर घेणं ही पालकांची सर्वाधिक होणारी चूक. निदान चारपाच नोंदी वाचा, प्रत्येकीची तारीख बघा. सर्वांत सामायिक काय ते धरा. चॅटबॉटला विचारलंत तर जुन्या शब्दांबद्दल तो बरं सांगतो, पण या महिन्यात आलेल्या शब्दाचा अर्थही तो तितक्याच ठामपणे रचून देतो. शेवटी तोच शब्द असलेले अलीकडचे आठदहा व्हिडिओ आवाज चालू ठेवून बघा आणि कॉमेंट वाचा. शब्द मनापासून वापरला जातोय की टिंगलीने, हे कॉमेंटमध्ये कळतं, दुसरीकडे नाही.

विनोदाचं वाचन थोडं वेगळं. मीम म्हणजे एक साचा आणि त्यात केलेला बदल. स्पॅनिश छायाचित्रकार अँतोनियो गिएमचं एक विक्रीसाठी काढलेलं छायाचित्र २०१७ मध्ये जगभर गाजलं: तरुण प्रेयसीसोबत चालताना दुसऱ्या मुलीकडे वळून बघतोय आणि प्रेयसी चिडली आहे. लोक तिघांवर नावं लिहितात. तरुणावर ‘मी’, चिडलेल्या मुलीवर ‘उद्याचा पेपर’, तिसरीवर ‘अजून एक व्हिडिओ’. साच्याचा अर्थ ठरलेला आहे, कर्तव्य सोडून मोह. विनोद फक्त नावांत आहे. म्हणून मीम कळला नाही तर चित्राकडे बघून उपयोग नाही. त्याच चित्राचे आणखी पाच मीम शोधा. पाचांत जे बदलत नाही तो साचा, जे बदलतं तो विनोद. आवाजांचंही असंच. २०२३ मध्ये एका सर्बियन गाण्यातली ‘मोये मोरे’ ही आर्त ओळ ‘मोये मोये’ म्हणून उचलली गेली आणि कुणाची फजिती झाली की मागे वाजू लागली. मूळ ओळ दुःस्वप्नांबद्दल आहे, वापरणाऱ्यांना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

यापुढच्या थरावर मोठी माणसं खरी अडकतात. पंधरा-सोळानंतर बराच विनोद ‘हा विनोद किती वाईट आहे’ यावरचा असतो. मुद्दाम फाटलेलं, पिवळट, दहा वेळा स्क्रीनशॉट काढून खराब केलेलं चित्र; कुठेच न पोचणारा किस्सा; ऐन क्षणी कापलेला व्हिडिओ. आपण पंचलाइनची वाट बघत बसतो आणि पंचलाइन नसणं हीच पंचलाइन असते. हे कळलं तरी हसू येईलच असं नाही, आणि हसण्याचा आव आणायची गरजही नाही. ‘कळलं, पण मला हसू नाही आलं’ हे उत्तर मुलांना पटतं. खोटं हसणं ती एका सेकंदात ओळखतात.

लेखी संदेशांतले गैरसमज मात्र रोजचे आहेत आणि ते सुधारणं सोपं आहे. २०१५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅमटन विद्यापीठाच्या संशोधकांनी १२६ विद्यार्थ्यांना छोटे संवाद वाचायला दिले. एका शब्दाच्या उत्तराच्या शेवटी पूर्णविराम असला तर तेच उत्तर कमी मनापासूनचं वाटलं. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत तसा फरक पडला नाही. कारण साधं आहे. चॅटमध्ये संदेश पाठवला की वाक्य आपोआप संपतं, त्यामुळे वेगळा दिलेला पूर्णविराम मुद्दाम दिल्यासारखा दिसतो, आणि मुद्दाम म्हणजे रागाने. तुमचं ‘ठीक.’ मुलीला ‘बघून घेते’ असं ऐकू येतं. वाक्याच्या शेवटी टिंबांची रांग आपण सहज टाकतो, मुलांना त्यात नाराजी दिसते. नुसता अंगठा म्हणजे ‘वाचलं, आता बोलणं बंद’. सौम्य स्मित करणारा पिवळा चेहरा म्हणजे दात-ओठ खाऊन केलेलं स्मित. हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा २०१५ मध्ये ऑक्सफर्डने वर्षाचा शब्द म्हणून निवडला होता. आता तो काकांच्या ग्रुपचा मानला जातो. त्याच्या जागी आली ती कवटी, म्हणजे हसून हसून मेले, आणि धाय मोकलून रडणारा चेहरा, म्हणजे तेच. तेव्हा मुलीच्या कवट्या ही मैत्रिणींच्या हसण्याची नोंद आहे. तुम्ही करायचं ते इतकंच: एकाच वाक्याच्या संदेशाला पूर्णविराम देऊ नका, ‘ठीक’ऐवजी ‘ठीक आहे, ये सावकाश’ असं दोनचार शब्दांचं उत्तर द्या, आणि गंभीर बोलायचं असेल तर लिहूच नका, फोन करा.

मुलांना विचारायचं कसं? ‘म्हणजे काय?’ हा सर्वात निरुपयोगी प्रश्न, कारण ‘काही नाही’ हे उत्तर तयारच असतं. शिवाय विनोद समजावून सांगायला लावणं कुणालाही जड जातं. त्यापेक्षा ‘हे कुठून आलं? मूळ व्हिडिओ दाखव ना’ म्हणा. बघणं सोपं, समजावणं कठीण. समोरासमोर बसून नको. गाडीत, भांडी आवरताना, चालताना विचारा, जिथे नजर भिडत नाही. मित्रांसमोर कधीच नाही. एका वेळी एकच शब्द, आणि तो बघून झाल्यावर शिकवणी नाही. दुसरा हुकमी प्रश्न: ‘हे आजीसमोर म्हटलं तर चालेल का?’ मूल खळखळून हसलं आणि ‘हो, तिला काय कळणार’ म्हणालं तर शब्द निरर्थक गटातला. क्षणभर थांबलं, नजर चुकवली तर शब्द अश्लील किंवा कुणाला लागणारा आहे, हे तुम्हाला अर्थ न कळताच कळलं. मुलं मजेने चुकीचा अर्थही सांगतात, म्हणजे तुम्ही तो शब्द नातेवाईकांत वापरावा आणि त्यांनी ऐकावं. म्हणून पडताळल्याशिवाय वापरू नका. आणि मुलांनी दाखवलेल्या गोष्टीचा स्क्रीनशॉट कुटुंबाच्या ग्रुपवर ‘बघा आमचे चिरंजीव’ म्हणून टाकलात, तर दाखवणं त्याच दिवशी बंद होईल.

स्वतः हे शब्द वापरावेत का? मनापासून वापराल तर नाही. आईवडिलांच्या तोंडी गेलेला शब्द मुलांच्या दृष्टीने संपतो. मुद्दाम, सरळ चेहऱ्याने चुकीचा वापरा, तर मात्र तो उत्तम विनोद होतो आणि नको असलेला शब्द घालवायचं साधनही. ‘सिक्स-सेव्हन’ने डोकं उठलं असेल तर वेळ विचारल्यावर, भाव विचारल्यावर, प्रत्येक ठिकाणी तुम्हीच तो हावभाव करा, आठवड्याभरात मुलगा गयावया करेल. बंदी हा उलटा मार्ग आहे. निरर्थक शब्दावर बंदी घातली की त्याला पहिल्यांदाच अर्थ मिळतो: मोठ्यांना चिडवण्याचा. बंदी घालायचीच तर शब्दावर नको, जागेवर घाला. जेवताना नाही, अभ्यासाच्या वेळी नाही, पाहुण्यांसमोर नाही. हा नियम पाळलाही जातो, कारण तो पाळून मुलाला हरल्यासारखं वाटत नाही.

राहिला काळजीचा प्रश्न. पालकांना घाबरवणारे तक्ते सारखे फिरत असतात, अमुक चित्र म्हणजे तमुक नशा असे. यातला एक अधिकृत आहे: अमेरिकेच्या अमली पदार्थ नियंत्रण संस्थेने, म्हणजे डीईएने, २०२१ मध्ये अशा चिन्हांचा तक्ता काढला. पण त्याच्यासोबत त्यांनीच सांगितलं होतं की नुसती चिन्हं हा कशाचाही पुरावा नाही. वागणं बदललं, दिसणं बदललं, पैसे अचानक वाढले किंवा गायब झाले, तर त्यासोबत चिन्हांचा विचार करा. फॉरवर्ड होताना हे वाक्य गळून पडतं आणि तक्ता उरतो. शब्दांनाही हेच लागू आहे. झोप, खाणं, मित्र, अभ्यास, पैसे यांत दोनतीन आठवड्यांत काही बदललं का ते बघा. बदललं नसेल तर शब्द कितीही विचित्र असो, तो बहुधा फक्त विचित्र आहे.

‘गंमत केली’ या उत्तराला एक चाचणी लावा: भूमिका बदलतात का? मित्रांच्या टोळक्यात आज याची, उद्या त्याची खेचली जात असेल तर ती गंमत. प्रत्येक वेळी निशाणा तोच मुलगा, तीच मुलगी किंवा तोच समाज असेल तर ती छळवणूक, मग त्यावर कितीही कवट्या पडोत. इंटरनेटवर २००५ पासून ‘पो यांचा नियम’ (पोज लॉ) नावाची एक गोष्ट सांगितली जाते: स्पष्ट खूण नसेल तर टोकाच्या मताची टिंगल आणि खरोखरचं टोकाचं मत यांतला फरक वाचणाऱ्याला ओळखता येत नाही. द्वेष पसरवणारे गट याचाच फायदा घेतात. आधी विनोद, आक्षेप आला तर ‘कळला नाही का विनोद’, आणि सवय झाली की विनोदाचं वेष्टन काढून टाकायचं. अशा वेळी मुलाला ‘हे वाईट आहे’ म्हणण्यापेक्षा ‘यात हसण्यासारखं नेमकं काय, ते मला सांग’ म्हणा आणि गप्प बसा. सांगताना त्याला स्वतःलाच ऐकू येतं.

मरणाच्या विनोदाबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवं. ‘गृहपाठ बघून मरावंसं वाटतंय’ अशी वाक्यं या पिढीत अतिशयोक्तीचा साधा अलंकार झाली आहेत. कारण क्षुल्लक, बोलणं चारचौघांत, पाठोपाठ हसू आणि पुढच्या मिनिटाला भूक लागलेली, असं असेल तर तो अलंकारच. पण तेच वाक्य कारणाशिवाय, एकांतात किंवा रात्री उशिरा पुन्हा पुन्हा आलं, ‘मी नसलो तर सगळ्यांचं बरं होईल’ असा सूर आला, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, निरोपासारखे संदेश, एखाद्या साधनाचा किंवा दिवसाचा उल्लेख आला, किंवा नेहमी विनोद करणाऱ्याने विनोदच थांबवला, तर अर्थ शोधत बसू नका. त्याच दिवशी एकट्याला गाठा आणि सरळ विचारा: ‘जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट बोलायला वाट मिळते. ‘हो’ आलं तर वाद घालू नका, समजूत काढण्याची घाई करू नका. काय, कधीपासून, काही ठरवलं आहे का, हे ऐकून घ्या. त्याला एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या, कीटकनाशकं, धारदार वस्तू कुलपात घाला आणि मदतवाहिनीला फोन लावा किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. साधन आणि वेळ ठरलेली असेल तर थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात. ‘नाही, नुसतं म्हणत होतो’ असं उत्तर आलं आणि ते खरं वाटलं, तर ‘बरं, पण मी विचारत राहणार’ एवढं म्हणा, आणि दोनतीन दिवसांनी खरंच परत विचारा.